प्रमाणपत्रावर ६० टक्के, तक्त्यात ‘सौम्य’, अहवालात ‘लेव्हल २’: मुलाला मदत नेमकी किती लागते, हे मोजायचे कसे?

सेलूकरीण (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आम्ही परभणी जिल्ह्यातील सेलू येथे राहतो. आमचा मुलगा साडेसहा वर्षांचा आहे. तो साडेतीन वर्षांचा असताना त्याला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असल्याचे निदान झाले. त्याआधी बेरा तपासणी करून त्याला नीट ऐकू येते याची खात्रीही करून घेतली होती. निदानाबद्दल आता घरात कोणाच्या मनात शंका उरलेली नाही. माझा प्रश्न निदानाच्या पुढचा आहे.

आमच्याजवळ तीन कागद आहेत आणि तिघांची तोंडे तीन दिशांना आहेत. पहिला कागद म्हणजे २०२३ मध्ये मिळालेले दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र. त्यावर ६० टक्के लिहिले आहे. दुसरा त्याच तपासणीच्या वेळी भरलेला, स्वमग्नतेची लक्षणे मोजणाऱ्या आयएसएए या श्रेणीचा तक्ता असून त्यात एकूण ९६ गुण आणि खाली ‘सौम्य’ असा शेरा आहे. तिसरा, गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पुण्याच्या एका खासगी केंद्रात केलेल्या तपासणीचा अहवाल. त्यात ‘लेव्हल २’ असे लिहून पुढे ‘लक्षणीय मदतीची गरज’ असा खुलासा दिला आहे. साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, असे म्हणून सासूबाई मला हसवण्याचा प्रयत्न करतात. परंतु सौम्य स्वरूपाच्या मुलाला लक्षणीय मदत का लागावी, हे कोडे काही सुटत नाही.

येत्या जूनमध्ये त्याला पहिलीत घालायचे आहे. शाळेच्या मुख्याध्यापिका चांगल्या आहेत. त्यांनी प्रवेशाला नकार दिला नाही, उलट, ‘त्याला कोणत्या वेळी, कोणत्या प्रकारची आणि किती मदत लागेल, ते एका पानावर लिहून आणा, म्हणजे मला बायांमध्ये कामाची वाटणी करता येईल,’ असे सांगितले. त्यांची मागणी वाजवी आहे. मी मात्र चार दिवस कोरे पान समोर घेऊन बसले आहे.

थोडी माहिती देते. तो स्वतः जेवतो. चड्डी आणि शर्ट घालतो, बटणे लावत नाही. शौचास जायचे असले की माझा हात धरून नेतो. दोन-तीन शब्दांची वाक्ये बोलतो. बरीचशी वाक्ये कुठेतरी ऐकलेली आणि जशीच्या तशी ठेवून दिलेली असतात. लग्नकार्यात बँड वाजू लागला की जमिनीवर बसतो आणि मग कोणालाही उठवता येत नाही. रेल्वेच्या रुळांकडे मात्र न सांगता धावतो, आणि आमचे घर रेल्वे फाटकापासून लांब नाही. एवढ्यावरून मी त्या पानावर काय लिहावे?

मन_आणि_माप

ताई, मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असून छत्रपती संभाजीनगर येथे काम करते. आपले तिन्ही कागद एकमेकांशी भांडत नाहीत. त्यांना तीन वेगळे प्रश्न विचारले गेले होते आणि त्यांनी आपापली उत्तरे दिली आहेत. मुख्याध्यापिकांनी चौथाच प्रश्न विचारला आहे, ज्याचे उत्तर यांपैकी एकाही कागदावर नाही.

आधी ६० टक्के आणि ‘सौम्य’ यांचा उलगडा करते. आयएसएए ही श्रेणी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केली. त्या संस्थेला आज एनआयईपीआयडी म्हणतात. तिच्यात ४० विधाने आहेत: सामाजिक संबंधांची ९, भावनिक प्रतिसादाची ५, भाषा व संवादाची ९, वर्तनाची ७, संवेदनांची ६ आणि आकलनाची ४. प्रत्येक विधानाला, ते वर्तन मुलात किती वेळा दिसते त्यानुसार, १ ते ५ गुण देतात. म्हणजे बेरीज ४० ते २०० यांच्या दरम्यान येते. बेरीज ७० ते १०६ असली तर ‘सौम्य’, १०७ ते १५३ असली तर ‘मध्यम’ आणि त्याहून अधिक असली तर ‘तीव्र’ असा शेरा पडतो. टक्केवारीसाठी मात्र निराळा तक्ता आहे. त्यात ७० गुणांना ४० टक्के, ७१ ते ८८ गुणांना ५०, ८९ ते १०५ गुणांना ६० आणि १५८ च्या पुढे थेट १०० टक्के धरतात. आपल्या मुलाचे ९६ गुण एका तक्त्यात ‘सौम्य’ ठरतात आणि दुसऱ्यात ६० टक्के. बेरीज एकच आहे, फक्त ती दोन फुटपट्ट्यांनी वाचली आहे.

या बेरजेची खरी अडचण वेगळीच आहे. एखादे लक्षण किती वेळा दिसते एवढेच ती मोजते. त्या लक्षणापायी दुसऱ्या माणसाला काय करावे लागते, हे मोजत नाही. शिवाय चाळीसही विधानांचे वजन सारखे. नजरेला नजर न देणे हे एक विधान आहे आणि धोक्याची भीती नसणे हे दुसरे. दोन्हींना पाच-पाच गुण मिळू शकतात. वास्तविक पहिल्यासाठी वर्गात कोणालाही काहीच करावे लागत नाही आणि दुसऱ्यासाठी शाळेच्या फाटकाशी एक माणूस उभा करावा लागतो. म्हणून ९६ गुणांची दोन मुले मदतीच्या बाबतीत एकमेकांपासून फार दूर असू शकतात.

‘लेव्हल’ हा शब्द अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ मधील डीएसएम-५ या नियमावलीतून आला आहे. त्यात तीन पातळ्या आहेत आणि त्या दोन बाबींसाठी स्वतंत्रपणे द्यायच्या असतात: एक सामाजिक संवादासाठी आणि दुसरी ठरावीक, पुन्हा पुन्हा होणाऱ्या वर्तनासाठी. आपल्या अहवालात एकच आकडा असेल, तर त्या केंद्राकडे दोन्ही आकडे जरूर मागा. पातळी परिस्थितीनुसार आणि काळानुसार बदलते, तसेच सेवा द्यावी की नाही हे केवळ पातळीवरून ठरवू नये, असे त्या नियमावलीतच बजावलेले आहे. आपल्याकडे मात्र अहवालातला नेमका तोच आकडा उचलून वापरला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या, जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या, आयसीडी-११ मध्ये अशा तीन पातळ्याच नाहीत. बौद्धिक विकासात अडचण आहे का आणि मूल भाषा कितपत वापरते, या दोन गोष्टी तिथे नोंदवतात.

आता मदत मोजण्याविषयी. या कामासाठी परदेशात ‘सपोर्ट्स इंटेन्सिटी स्केल’ नावाचे साधन वापरतात आणि मुलांसाठी त्याची निराळी आवृत्ती आहे. ते साधन आपल्याला मिळाले नाही तरी चालेल, त्यातली विचारण्याची रीत मात्र उचलण्यासारखी आहे. प्रत्येक कामाबाबत तीन गोष्टी विचारायच्या: मदत कोणत्या प्रकारची, किती वेळा आणि दिवसाकाठी किती वेळ. प्रकारांच्या पायऱ्या अशा: काहीच नको, नुसती नजर हवी, बोलून किंवा खुणेने आठवण हवी, थोडा हात लावावा लागतो, सगळे हाताने करून द्यावे लागते. मोजताना त्याच वयाच्या इतर मुलांना लागणारी मदत वजा करायची. साडेसहा वर्षांच्या कितीतरी मुलांना बटणे लावून द्यावी लागतात, त्यामुळे बटणांचे मी फार मनावर घेणार नाही. रुळांकडे धावण्याचे घेईन.

एक गोष्ट मात्र विचारते. ‘तो स्वतः जेवतो’ असे आपण लिहिले आहे. जेवणाआधी कोण काय करते, जेवताना कोण कुठे बसते आणि आपण घरी नसलात तर त्या दिवशी काय होते, हे दोन-तीन दिवस नुसते पाहून इथे लिहाल का? आईचे हात इतक्या सवयीने चालतात की आपण मदत करत आहोत हे तिच्या ध्यानात येत नाही. त्यामुळे माझ्या खोलीत भरलेल्या निम्म्या तक्त्यांत ‘स्वतः करतो’ या रकान्यात खुणा अंमळ जास्तच पडतात.

उदगीरचा_बाप

ताई, माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. आकड्याने आम्हाला दोनदा फसवले, ते लिहितो. आपल्याला उपयोग होईल.

तिची पहिली तपासणी एका शिबिरात झाली. कापडी मंडप, दोनशे-अडीचशे माणसे आणि नावे पुकारणारा कर्णा. आमचा नंबर लागेपर्यंत तीन तास गेले, तोवर मुलगी कानांवर हात दाबून टेबलाखाली बसलेली होती. पुढच्या दहा मिनिटांत फॉर्म भरला गेला. प्रत्येक प्रश्नाला आम्ही ‘हो, नेहमी’ असेच म्हणालो, कारण त्या क्षणी डोळ्यांसमोर तेच होते. प्रमाणपत्रावर ९० टक्के आले. खोटे कशाला बोलू, वरचा आकडा मिळाला म्हणून आम्ही त्या दिवशी समाधानाने घरी आलो.

दोन वर्षांनी एका शाळेने तोच आकडा आमच्यासमोर ठेवला. ‘नव्वद टक्क्यांच्या मुलीला सांभाळणे आम्हाला जमणार नाही,’ असे तिथल्या साहेबांनी सांगितले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम १६ प्रमाणे मुलाला आवश्यक ती वैयक्तिक मदत पुरवणे हे शाळेचे कर्तव्य आहे, आणि कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी, तिला नेमके काय लागते आणि काय लागत नाही, हे सांगणारे एकही पान माझ्या पिशवीत नव्हते. नव्वद या आकड्याला मी उत्तर तरी कशाने देणार होतो?

फेरतपासणीच्या आधी आम्ही चौदा दिवस वही ठेवली. दुधाच्या हिशेबाची असते तशी साधी वही: वेळ, काम, कोणी काय केले. या वेळी टक्के ७० आले, कारण आम्हाला ‘नेहमी’ आणि ‘कधीकधी’ यांत फरक करता आला.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. आकडा खाली आला आणि त्याच सुमारास मदत वाढली. दहाव्या वर्षी ती जेवण, आंघोळ आणि कपडे एका शब्दाच्या आठवणीवर करत होती. बाराव्या वर्षी पाळी सुरू झाली आणि महिन्यातले चार-पाच दिवस सगळे हाताने करून देण्याच्या पायरीवर परत आले. बाप म्हणून हे लिहिताना अवघडल्यासारखे होते, पण कोणत्याही तक्त्याने आम्हाला याची आगाऊ कल्पना दिली नव्हती, म्हणून लिहितो. पत्नीने स्नानगृहाच्या दाराच्या आत चार चित्रांची पट्टी लावली आणि सव्वा वर्ष ती रोज त्या चित्रांवर बोट ठेवत राहिली. आज मुलगी स्वतः चित्रांवर बोट ठेवते. आई दाराबाहेर उभी असते. प्रमाणपत्रावर यातले काहीही नाही. त्यासाठी ते छापलेलेही नाही.

जालना_५७

एवढा विचार कशाला करता? फेरतपासणीत ८० टक्क्यांच्या पुढे कसे जाता येईल ते पाहा. जुन्या करपद्धतीत दिव्यांग मुलासाठी प्राप्तिकरात ४० टक्क्यांना ७५,००० रुपयांची वजावट मिळते, ८० टक्क्यांना १,२५,००० रुपयांची. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचे कार्डही पिवळ्याऐवजी निळे मिळते. आईवडिलांनी व्यवहार पाहायला हवा.

मन_आणि_माप

दादा, आपण दिलेले आकडे बरोबर आहेत आणि अधिक खर्च सोसणाऱ्या पालकांनी सवलतीचा विचार करू नये, असे मी कधीच म्हणणार नाही. परंतु वाढवून सांगितलेली उत्तरे त्या कागदापुरती राहत नाहीत. ती फाइलमध्ये जातात आणि पुढचा शिक्षक, पुढचा डॉक्टर तीच वाचून मुलाविषयी मत बनवतो. उदगीरच्या दादांनी वर लिहिले ते काही विरळा नाही. मुळात सगळ्याच गोष्टी टक्क्यांवर अवलंबून नसतात. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खालील निरामय आरोग्य विम्याचे एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण सौम्य आणि तीव्र असा भेद करत नाही. ज्यांना रोजच्या जगण्यात, निर्णय घेण्यात आणि शिक्षण-उपचारात सघन मदत लागते, अशांसाठी २०१६ च्या कायद्यात ‘उच्च मदतीची गरज’ अशी स्वतंत्र व्याख्या आहे आणि कलम ३८ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र अर्जाची आणि स्वतंत्र मूल्यांकन मंडळाची तरतूद आहे. टक्केवारी आणि मदतीची गरज या दोन गोष्टी कायद्यानेच वेगळ्या ठेवल्या आहेत. त्या पुन्हा एकात कालवू नयेत, एवढेच माझे म्हणणे.

सेलूकरीण

मॅडम, आपण सांगितले तसे तीन दिवस पाहिले. काय दिसले ते लिहिते.

तो भाकरी खातो, असे मी सगळ्यांना सांगते. प्रत्यक्षात तो फक्त ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा खातो. भाकरी तव्यावरून उतरली की मी वाफ निघून जायच्या आत तिचा वरचा पापुद्रा सोडवते, फुंकर घालते आणि तो अखंड, न फाटता, त्याच्या ताटात ठेवते. फाटला तर तो ताट सरकवतो. उरलेला जाड भाग यांच्या ताटात जातो आणि ते मुकाट्याने खातात. ताट तेच लागते, काठाला पोचा असलेले. वरणाची वाटी ताटाबाहेर ठेवायची, कारण वरणाचा थेंब पापुद्र्याला लागता कामा नये. मी त्याच्या डाव्या बाजूला बसते. तो मधेच थांबून भिंतीकडे पाहू लागला की मी ‘घास’ म्हणते. परवा रात्री मोजले: एका जेवणात अकरा वेळा ‘घास’ म्हटले. अकरा! मला कोणी विचारले असते तर मी एखाद-दुसऱ्या वेळी असे सांगितले असते आणि त्यात खोटे बोलण्याचा हेतू नसता.

गुरुवारी मला परभणीला जावे लागले. सासूबाईंनी प्रेमाने भाकरी वरणात कुस्करून त्याच्यासमोर ठेवली. मी चार वाजता परतले तोवर तो उपाशी होता आणि रडतही नव्हता. भूक लागली असे त्याने कोणालाही सांगितले नाही.

शाळेत दुपारी खिचडी असते. हे सगळे नीट पाहिले नसते, तर ‘स्वतः जेवतो’ असे मी त्या पानावर पहिल्याच ओळीत लिहिणार होते.

धारूरच्या_बाई

मी बीड जिल्ह्यात समावेशित शिक्षणासाठी विशेष शिक्षिका म्हणून काम करते. ताईंनी पापुद्र्याचे लिहिले ते वाचून मला एक मुलगा आठवला. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगते.

मुलगा नऊ वर्षांचा आणि आईवडील ऊसतोड कामगार. दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन कारखान्याला गेले की उन्हाळा लागताना परत येणार. त्या वर्षी मुलगा त्यांच्यासोबत गेला होता. परत आल्यावर मी आईला विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘त्याचा काही तरास नाही, बाई.’ मी तक्त्यात तसे लिहिले. शाळा सुरू झाली आणि आठवडाभरात तो तीन वेळा उघड्या फाटकातून रस्त्यावर गेला. शाळेतले म्हणू लागले, ‘घरी नीट राहणारे मूल इथेच का बिघडते?’ पुढे गप्पांच्या ओघात आईने सांगितले की पहाटे फडात जाताना ती त्याच्या कमरेला सुती दोर बांधून दुसरे टोक कोपीच्या, म्हणजे त्यांच्या झोपडीच्या, मेढीला बांधत असे, आणि दोर एवढाच लांब ठेवत असे की बैलांपर्यंत आणि चुलीपर्यंत तो पोहोचू नये. संध्याकाळी ती आली की दोर सुटे आणि मग तो वाढ्यांची, म्हणजे उसाच्या शेंड्यांची, कांडी सारख्या लांबीने मांडत शांत बसे. तिच्या दृष्टीने खरोखरच त्रास नव्हता. मी तिला दोष देत नाही. त्या पहाटे तिच्याजवळ दुसरा कोणता उपाय होता, हे मला आजही सुचत नाही. मात्र मदतीची पूर्ण गरज त्या दोराने झाकली होती. शाळेत दोर नव्हता, म्हणून ती उघडी पडली.

तेव्हापासून मी ‘जमते का?’ असा प्रश्न सोडून दिला. ‘कुठे, कोण जवळ असताना आणि काय केल्यावर जमते?’ असे विचारते. विशेष शाळांमध्ये एफएसीपी नावाची कार्यात्मक मूल्यमापन सूची वापरतात. तीही सिकंदराबादच्याच संस्थेची आहे. तिच्यात प्रत्येक कौशल्यापुढे मूल ते स्वतः करते, खुणेवर करते, तोंडी सूचनेवर करते, की हात धरून करवावे लागते, अशी नोंद असते. आपल्या गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांकडे ती मागता येईल. काही ठिकाणी व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी वापरतात. तिचे भारतीय रूपांतर नागपूरच्या मालिन यांनी केले आहे. तिच्यातून मुलाचे सामाजिक वय निघते आणि ते डॉक्टरांना उपयोगी पडते. पहिलीच्या बाईंना मात्र चार वर्षांचे सामाजिक वय सांगून फारसे काही कळत नाही. परिपाठाच्या वेळी त्याचा हात धरायचा की नाही, हे त्यांना हवे असते.

त्यामुळे पान शाळेच्या घड्याळाप्रमाणे लिहा. फाटकातून आत येणे, परिपाठ, पहिली तासिका, लघवीची सुट्टी, खिचडी, मैदान, दप्तर भरणे, फाटकातून बाहेर जाणे: या प्रत्येक वेळेपुढे मदतीची पायरी आणि ती देणारा माणूस. पुढे एक रकाना मी आग्रहाने घालायला लावते, तो म्हणजे मदत कमी कशी करायची. हा रकाना नसला की मदतनीस मुलाला चिकटून बसतो, दप्तर तोच भरतो, पेन्सिल तोच धरतो, आणि वर्षअखेरीस मुलाला वर्षाच्या सुरुवातीपेक्षा जास्त मदत लागू लागते. हे मी माझ्याच हाताखाली होताना पाहिले आहे, आणि चूक उमगायला मला दोन सत्रे लागली. पान दिवाळीनंतर पुन्हा लिहायचे, हेही मुख्याध्यापिकांना आत्ताच सांगून ठेवा.

मन_आणि_माप

बाईंनी लिहिले त्यात एकाच गोष्टीची भर घालते. आवाजाने जमिनीवर बसणे आणि रुळांकडे धावणे या दोन बाबी ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवा, आणि भूक लागली तरी न सांगणे ही बाब वाचा-भाषा तज्ज्ञाला दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जिल्हा पातळीवर जी शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उभी राहिली आहेत, तिथे आधी चौकशी करा. ताई, माझ्या मते पापुद्र्यापेक्षाही न सांगितलेली भूक मोठी आहे. डब्याचे चित्र दाखवून ‘दे’ असे सांगायला तो जूनपर्यंत शिकला, तर आपल्या पानावरची एक ओळ एक पायरी खाली येईल.

सेलूकरीण

पान लिहून झाले. एकाऐवजी दीड पान झाले, त्याला इलाज नव्हता. काही ओळी इथे देते, चुकल्या असतील तर सांगा.

‘फाटक: येताना आणि जाताना हात धरावा लागेल. दिवसातून दोन वेळा, प्रत्येकी पाच मिनिटे. मधल्या वेळेत फाटकाला कडी हवी. कडी असेल तर वेगळा माणूस नको. परिपाठ: कर्णा सुरू असताना रांगेच्या शेवटी, कर्ण्यापासून दूर उभे करावे, नुसती नजर पुरे. खाली बसला तर ओढून उठवू नये, साधारण सात मिनिटांत स्वतः उठतो. तासिका: दर दहा मिनिटांनी पाटीवर बोट ठेवून खुणेने आठवण. बटणे: इतर मुलांना लावून द्याल तेव्हा त्यालाही लावून द्यावी. जेवण: घरून डबा देईन. डबा उघडून वाटी बाजूला ठेवावी लागेल आणि डाव्या बाजूला बसून “घास” म्हणावे लागेल. सध्या एका जेवणात अकरा वेळा.’

टक्के, लेव्हल आणि ‘सौम्य’ यांपैकी एकही शब्द त्यात घातला नाही. तिन्ही कागदांच्या प्रती मात्र मागे टाचल्या आहेत.

काल मुख्याध्यापिकांनी पान माझ्यासमोरच वाचले. फाटकाची कडी त्याच दुपारी शिपायाकडून बसवून घेतली, कर्ण्याचे तोंड फिरवता येईल असेही म्हणाल्या. जेवणाच्या ओळीपाशी थांबून त्यांनी लाल पेनाने समासात ‘कोण?’ एवढेच लिहिले आणि पान माझ्याकडे परत दिले. खिचडी शिजवणाऱ्या मावशींना एकट्याने शंभर मुलांना वाढायचे असते. बाई त्या वेळी वहीत हजेरी घेत असतात. चौथीतली एक मुलगी आमच्या गल्लीतली आहे आणि तिला तो ओळखतो. परंतु अकरा वेळा ‘घास’ म्हणण्याचे काम नऊ वर्षांच्या मुलीवर टाकावे की नाही, हे माझ्या मनात ठरत नाही. धारूरच्या बाई, आपल्याकडे ही ओळ कोणाच्या नावे लिहितात?

धारूरच्या_बाई

मुलीवर टाकू नका. तिला त्याच्याशेजारी बसून स्वतःचे जेवण जेवू द्या. तेवढ्यानेही तो थांबण्याचे प्रमाण कमी होईल असे वाटते, करून पाहा. ओळ मावशींच्या नावे लिहा, पण आधी आठवडाभर आपण स्वतः तिथे बसा आणि रोज एक ‘घास’ कमी म्हणा. डब्याच्या झाकणावर आतून घासाचे चित्र चिकटवून शब्दाऐवजी त्यावर बोट ठेवता येते का, तेही पाहा. आठवड्यानंतर किती उरले ते मावशींना सांगायचे. अकरा म्हटले तर त्या नाही म्हणतील. तीन-चार म्हटले तर वाढता वाढता म्हणतील.

सेलूकरीण

चित्र आजच काढले. सासूबाईंनी त्यातल्या भाकरीला पापुद्रा सुटलेला दाखवायला सांगितला, तोही काढला आहे.